एका शिरेचं पान

२६ नोव्हेंबर २०२३

मुंबईत क्लबच्या भटारखान्यात तेहतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची बरीच वर्षं उद्याचा मेनू आदल्या संध्याकाळी लिहून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. आता उद्याचा मेनू माझी बायको सीता ठरवते आणि तो मला ताटात वाढल्यावरच कळतो. पण हाताला लिहायची खोड आहे, म्हणून ही डायरी.

निवृत्त होऊन गावी आलो त्याला पंधरवडा झाला. दापोलीहून एसटीने पाऊण तास, पुढे चढ. घर तेच, खळं तेच, गोठा तोच, मीच काय तो नवा. इतकी वर्षं गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात यायचो, तेव्हा वाडीतले लोक विचारायचे, "कधी आलास?" आणि लगेच, "कधी जाणार?" आता पहिला प्रश्न विचारतात, दुसरा गिळतात.

सीता मला चहा कपबशीतून देते. कपावर गुलाबाची फुलं आहेत. ती स्वतः स्टीलच्या पेल्यातून पिते, शेजारचा बाबल्या आला तर त्यालाही पेला. कपबशी पाहुण्यांची. आज म्हटलं, मलाही पेल्यातच दे. म्हणाली, "ऱ्हाऊ दे, तुमाला सवय नाय."

सोबत आणलेली नवी वस्तू एकच, डिमेलोसाहेबांनी निरोपाला दिलेलं झाड. साहेब आमचे मुख्य शेफ. त्यांनी ते उटीच्या नर्सरीतून मागवलं होतं. नाव लॉरेल. विलायती स्वयंपाकात बे लीफ म्हणतात ते ह्याचं पान. आपलं तमालपत्र वेगळं, हे पोरांना सांगून सांगून साहेबांचा घसा बसायचा. ओळखायची खूण सोपी आहे. तमालपत्राला देठापासून टोकापर्यंत तीन शिरा जातात, ह्याला मधोमध एकच. वासही निराळा. एसटीत एक पान चुरगळून बघितलं, तर निलगिरीच्या तेलासारखं काहीतरी नाकात गेलं. दालचिनीचं नावसुद्धा नाही त्यात.

साहेब म्हणाले होते, "काशीराम, हे थंड हवेचं झाड आहे. मुंबईत मरेल. तुमच्या दापोलीकडे थंडी पडते, तिथे लाव." सध्या गुडघ्याएवढं आहे. खळ्यात तुळशीशेजारी कुंडी ठेवली. सीतेने विचारलं, "ह्येला फुला येतात?" म्हटलं, ह्याच्या पानांनाच किंमत. "मंग फळा?" म्हटलं, नाही. ती गोठ्यात निघून गेली.

१३ डिसेंबर २०२३

देवदिवाळी, आणि घरात भांडण.

सकाळी मी मसाल्याचे डबे नीट लावले. मोठे मागे, छोटे पुढे, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. एवढंच केलं. सीता पाणी घेऊन आली, हळदीला हात घातला तर धने आले. नैवेद्याची घाई होती. म्हणाली, "ह्यो तुमचा क्लब नाय. माजा घर हाय. मना काळोखात पण हळद गावते हितं."

माजा घर. आमचं नाही.

माझंही डोकं फिरलं. विनोदचा फोन कालच आला होता. तो माझ्या हाताखाली कांदा कापायला शिकला, आता अंधेरीला स्वतःचं कॅन्टीन काढतोय. म्हणतो, उस्ताद, तुम्ही फक्त उभे राहा, बाकी पोरं करतील. मी ते सीतेला ऐकवलं आणि म्हटलं, "हे झाड इथे दोन हिवाळे काढेल. येत्या नाही, त्याच्या पुढच्या माघी गणपतीपर्यंत जगलं, तर मी ह्या घरात राहीन. मेलं तर विनोदकडे जाईन, आणि परत पहिल्यासारखा गणपती-शिमग्याला येईन."

सीता म्हणाली, "झाडाला कशाला मधी घालताव? जायाचा आसल तर जावा. कोन धरून ठेवलाय?"

हे काही आजचं नाही. दर वेळी मी मुंबईला निघालो की ती पिशवी हातात द्यायची आणि पाठ करून आत जायची. थांब्यावर सोडायला कधी आली नाही. अजून दोन दिवस राहा, असं एकदाही म्हणाली नाही. तेव्हा घाईत काही वाटायचं नाही. आज वाटलं, आणि चांगलंच लागलं.

झाड जगवणार म्हणजे जगवणार.

२ जानेवारी २०२४

थंडी कडक पडली आहे. पहाटे बोलताना तोंडातून वाफ निघते, बाबल्या खळ्याच्या कडेला पातेरा पेटवून बसतो.

आमची मुलगी दर्शना पनवेलला असते. तिने फोनवर व्हिडिओ पाठवला. एक गोरा माणूस लांब कोट घालून लॉरेलच्या झाडाला गोणपाटात गुंडाळत होता. हिवाळ्यात कुंडी घरात उबेला घ्या, म्हणत होता. माझं ठरलं. न्हाणीत पाणी तापवायची चूल दिवसभर धुमसत असते, तिच्या बाजूला कुंडी नेली, बुंध्याला गोणपाट बांधलं आणि वरून माझा मफलर.

बाबल्या हसून लोळायचा बाकी राहिला. "काशीदादा, बारशाला बोलवा हां." हसू दे त्याला. त्याच्या आंब्याला धुरी देतो तेव्हा मी हसतो का?

२१ जानेवारी

पानं चिकट झाली आहेत. पाठीला तपकिरी टिकल्या, आणि मुंग्यांची रांग खालून वर. खालची पानं पिवळी पडून गळताहेत. ऊब कमी पडते आहे असं वाटून मी चुलीत एक ओंडका जास्त सारला.

२५ जानेवारी

न राहवून डिमेलोसाहेबांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काशीराम, तुझ्या घरात बर्फ पडतो काय?" तो गोरा माणूस बर्फातला. दापोलीची थंडी ह्या झाडाला म्हणजे सुट्टी. त्याला मी चुलीपाशी धुरात कोंडून ठेवलं, हवा नाही, उजेड नाही, म्हणून कीड धरली. फोन ठेवला तेव्हा कान तापले होते.

लगेच कुंडी खळ्यात आणली. मफलर धुवायला टाकला.

४ फेब्रुवारी

रोज सकाळी रिठ्याचं पाणी आणि दात घासायचा जुना ब्रश. एकेक पान तळहातावर घेऊन पाठ घासतो. पाठ दुखते ती माझी. सीता येता-जाता बघते. आज म्हणाली, "दर्शूला कदी अशी आंघोळ घातली नवती तुमी." मी म्हटलं, मी होतो कुठे घालायला? रिठे मात्र ती रोज भिजत घालून ठेवते.

१७ मार्च

नवी पालवी आली! पोपटी, कोवळी, एकेका पानाला मधोमध एकच शीर, जणू कोणी पट्टीने ओढलेली. टिकल्या गेल्या, मुंग्या गेल्या. पहिला हिवाळा पार पडला. मी ठरवलं आहे, आता माघी गणपतीपर्यंत एकही पान तोडायचं नाही, चुरगळून वासही घ्यायचा नाही. त्या दिवशी पहिलं पान नैवेद्याच्या मसालेभातात.

सीतेला हे सांगितलं. म्हणाली, "बरा."

१ जून

कुंडीत किती दिवस ठेवणार? झाड जमिनीतच हवं. परसात जांभा फोडून कमरेएवढा खड्डा घेतला. चार दिवस लागले, हाताला फोड आले. आमचे आबा प्रत्येक नारळाच्या खड्ड्यात तळाला सुकी मासळी घालायचे, आणि ते माड अजून उभे आहेत. म्हणून मी दाभोळला जाऊन खताची सुकी मासळी टोपलीभर आणली, तळाला अंथरली, वर शेणखत, वर माती, आणि वर लॉरेल.

एसटीत माझ्या शेजारी कोणी बसलं नाही, एवढा वास होता.

सीता खड्ड्यात वाकून म्हणाली, "माडाला मीठ चालता. ह्येला चालल?" मी म्हटलं, झाड ते झाड. आबांनी लावलेले माड बघ. ती म्हणाली, तिला काय ठाऊक, तिने तर आयुष्यात असलं झाड बघितलं नाही.

१२ जून

वाडीतल्या सगळ्या कुत्र्यांनी मिळून खड्डा उकरला. सकाळी बघतो तर झाड आडवं, मुळं उघडी, आणि बाबल्याचा कुत्रा तोंडात मासा धरून माझ्याकडे बघतोय. मी आयुष्यात कधी दिल्या नाहीत एवढ्या शिव्या दिल्या. झाड परत उभं केलं, भोवती काटेरी फांद्या लावल्या. दुपारपासून पाऊस धरला आहे.

३ जुलै

पाऊस थांबायचं नाव नाही. जांभ्यातला खड्डा म्हणजे हौदच झाला, पाणी झिरपतच नाही. पानांच्या कडा करपल्यासारख्या तांबूस झाल्या आहेत. हातभर चर खणून पाणी काढून दिलं, तासाभरात परत भरलं. परत खणलं.

९ जुलै

अर्धी पानं गेली. उरलेली मान टाकून आहेत. आज झाड खड्ड्यातून काढून परत कुंडीत लावलं. मुळं काळी पडली आहेत, हात लावला तर साल हातात येते. घाण वास.

संध्याकाळी विनोदचा फोन. त्याचा आचारी आजारी आहे, आठवडाभर येऊन सांभाळा म्हणतो. मी हो म्हणालो. का म्हणालो? इथे झाड मरताना बघत बसायची हिंमत नव्हती, हे खरं कारण. सीतेसमोर मात्र ताठ्यात म्हटलं, "झाड मेलं तर फोनवर सांग. मग परत यायचं कारण नाही. कपडे दर्शनाकडे पाठवून दे."

आज माझ्या तोंडाला आवर नव्हता. बोलून गेलो आणि मग बदलायची लाज वाटली.

सीतेने पिशवी हातात दिली आणि आत गेली.

१३ जुलै, अंधेरी

इथे मी कोणीतरी आहे. पोरं उस्ताद, उस्ताद करतात. तीनशे माणसांचा भात एका वाफेत मोकळा काढला, विनोदने पाया पडायचं नाटक केलं. मजा आली, खोटं कशाला लिहू?

रोज संध्याकाळी घरी फोन करतो. मी विचारतो, "झाड?" ती म्हणते, "हाय." एवढंच. आज मात्र दुपारीच फोन लावला, तर तिने स्वतःहून विचारलं, "त्येचा पान तमालपत्रावानीच आसता ना वो?" मला इतकं बरं वाटलं! आठ महिन्यांत पहिल्यांदा तिने त्याच्या पानाबद्दल काही विचारलं. मी म्हटलं, बघायला साधारण तसंच, लांबट, चकचकीत. पुढे शिरांचं सांगणार होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "बरा, एसटीची येळ झाली," आणि फोन ठेवला. कसली एसटी, विचारायचं राहिलं.

१५ जुलै, अंधेरी

दर्शना म्हणत होती, आई दापोलीला दोनदा जाऊन आली. भर पावसात, लावणीच्या दिवसांत! सीतेला विचारलं तर म्हणाली, बीपीच्या गोळ्या आणायला. दोनदा का? तर पहिल्यांदा दुकान बंद होतं. तब्येत बरी नसेल का तिची? सांगणार नाही ती.

१९ जुलै

काल घरी आलो. वरच्या वळणावरून आमचं खळं दिसतं, तिथे उभा राहिलो, पुढे पाऊल टाकवेना.

झाड उभं! पडवीत, पागोळी लागणार नाही अशा कोपऱ्यात, तेलाच्या डब्यात. पानं टवटवीत, ताठ. मी तिथेच पिशवी टाकून खाली बसलो. डोळ्यांत पाणी आलं, सीतेने बघितलंही असेल.

म्हणाली, "करपलेला सगळा काढून टाकला. कुंडी फोडली मांजराने, म्हनून डब्यात लावला." मी म्हटलं, उंची थोडी कमी वाटते. "शेंडा छाटला." बुंधा जरा बारीक वाटला. "सुकला होता, आता भरल."

हिला हे सगळं कुठून सुचलं? पण काम केलं खरं. मी तसं बोलून दाखवलं, तर ती घाईघाईने चुलीकडे गेली. बीपीच्या गोळ्या कुठे आहेत विचारलं, तर आणायच्या राहिल्या म्हणे.

११ ऑगस्ट

आश्चर्य. नवी पालवी लालसर गुलाबी आली आहे. मार्चमध्ये पोपटी होती. आणि आज चष्मा पुसून बघितलं, तर नव्या पानांना मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी आणखी एकेक शीर. जुन्या पानांकडे मुद्दाम बघितलं नाही. कशाला उगाच.

मी विचार करून ठरवलं की हा इथल्या पाण्याचा गुण. जांभ्याची लाल माती, त्यातून पालवीला लाली. माणूससुद्धा हवापाणी बदललं की बदलतो. मी मुंबईला गेलो तेव्हा काळा होतो, आलो तेव्हा पिवळा. डिमेलोसाहेबांना विचारावं असं मनात आलं, मग म्हटलं, नको. ते परत बर्फाचं विचारतील.

३ सप्टेंबर

गणपती चार दिवसांवर. बाबल्या गणपतीवरच्या माटवीला टांगायला कवंडळाची रानफळं घेऊन आला, पडवीत झाडाजवळ थांबला. पान हातात धरून बोटाने चोळणार, मी ओरडलो, "हात लावू नकोस!" तो म्हणाला, "काशीदादा, अवो ही तर..."

आतून सीता ओरडली, "बाबल्या! तुजी म्हस आमच्या भातात शिरली बग!"

बाबल्या धावत गेला. मीही बघायला गेलो. भातात म्हैस नव्हती. सीता त्याच्याशी बांधावर काहीतरी बोलत होती, हात नाचवून. परत आला तेव्हा बाबल्याचं तोंड असं झालं होतं, जसं पोटात हसू कोंडलंय. म्हणाला, "झाड लय बेस हाय दादा. लय इलायती." मग चहा पिताना दोनदा त्याला ठसका लागला.

माणूस चांगला आहे पण थोडा भ्रमिष्ट.

२० डिसेंबर

दुसरा हिवाळा आला. ह्या वेळी मी शहाणा आहे. गोणपाट नाही, चूल नाही. डबा सरळ खळ्यात, उघड्यावर, जिथे पहाटेचं दंव पडतं. थंड देशाचं झाड आहे, त्याला थंडी मिळालीच पाहिजे. मांडीपर्यंत आलं आहे.

सीता म्हणाली, "पडवीत ऱ्हाऊ दे की." मी म्हटलं, गेल्या वर्षी लाड केले ते पुरे.

९ जानेवारी २०२५

आज पहाटे लवकर जाग आली. बाहेर आलो तर कडाक्याची थंडी, आणि खळ्यात काय बघतो? झाडावर गोधडी. सीतेची स्वतःची, तिच्या आईने शिवलेली. आणि सीता अंगाभोवती पदर लपेटून बाजूला उकिडवी बसलेली, कुडकुडत.

मी संतापलो. "किती वेळा सांगितलं, थंड देशाचं झाड आहे हे! त्याला कसली थंडी?" आणि गोधडी ओढून काढली.

ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना वो. थोडेच दिस ऱ्हायले."

मला हसू आलं. गेल्या वर्षी मी गुंडाळत होतो आणि बाबल्या हसत होता. आता हिला बघा. गोधडी तिच्या खांद्यावर घातली, आत पाठवली. हात बर्फासारखे गार होते तिचे. एवढी काळजी तिला झाडाची कधी लागली? मला वाटलं होतं, ते मेलं तर तिला बरंच वाटेल, घर तिचं तिला परत मिळेल.

२६ जानेवारी

विनोदचा फोन. महिनाअखेर काय ते सांगा उस्ताद, नाहीतर दुसरा माणूस बघतो. मी म्हटलं, एक तारखेला सांगतो, गणपती झाल्यावर. फोन ठेवल्यावर सीतेने विचारलं, "काय म्हनतात विनोदभावजी?" सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडलेले परत सुपात टाकून पहिल्यापासून निवडायला लागली.

१ फेब्रुवारी २०२५

माघी गणपती. आजचं नीट लिहितो.

झाड हिरवंगार आहे. आंघोळ करून गेलो, नमस्कार केला, पहिलं पान खुडलं. सीतेने आज स्वतःहून चूल माझ्या हवाली केली. ती उंबऱ्यात वाटाणे सोलत बसली.

तेल तापलं, मोहरी, हिंग, लवंग. मग पान टाकलं.

डोळ्यांना मी इतके महिने काहीबाही समजावत आलो. शिरा मोजून गप्प बसलो, पालवीच्या लालीला मातीचं नाव दिलं. पण फोडणीपुढे उभा राहिलो की माझं नाक कोणाचं ऐकत नाही. तेलातून जो वास आला त्यात निलगिरी नव्हती. गोड, तिखट, गरम. दालचिनी. आपली इथली, कोकणातली, दापोलीच्या कुठल्याही रोपवाटिकेत मिळते ती दालचिनी.

झारा तसाच धरून उभा राहिलो. एसटीची येळ झाली. दोनदा दापोली. शेंडा छाटला. भातात न शिरलेली म्हैस. आणि कुडकुडत्या पहाटे गोधडी, कारण तिला ठाऊक होतं की हे झाड थंड देशाचं नाही.

माझं लॉरेल जुलैतच मेलं. साहेबांनी विश्वासाने दिलेलं झाड मी मासळी घालून मारलं. त्याचं मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतंय. पैज तर मी केव्हाच हरलो होतो. 'मेलं' एवढा एक शब्द ती फोनवर म्हणाली असती तर मी अंधेरीलाच राहिलो असतो. तो तिने म्हटला नाही. लावणी टाकून, पावसात, एसटीने जाऊन, तिला जमेल तसं दुसरं झाड आणलं आणि सहा महिने माझ्यासमोर तोंड बंद ठेवलं. आख्ख्या जन्मात मी निघताना जे ती बोलली नाही, ते हेच होतं की.

उंबऱ्यातला शेंगांचा आवाज बंद झाला होता. सीता माझ्याकडे बघत होती. हातातली शेंग उघडलेली, वाटाणे तसेच.

"काय झाला?" तिने विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

मी तांदूळ टाकले, परतले. म्हटलं, "काही नाही. पान चांगलं उतरलं."

"तेच हाय ना?"

"तेच. एक नंबर."

ती खाली बघून वाटाणे सोलायला लागली, भराभर. थोड्या वेळाने डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, चुलीचा धूर फार होतोय. धूर नव्हता.

जेवण झाल्यावर विनोदला फोन लावला आणि तिला ऐकू जाईल असं मोठ्याने सांगितलं, "झाड जगलं रे. मी येत नाही." तो म्हणाला, कुठलं झाड? मी म्हटलं, ते लांबडं आहे, कधी गावी ये, सांगेन. सांगणार मात्र नाही.

३ फेब्रुवारी

आज झाड जमिनीत लावायला घेतलं. परसात नाही, खळ्याच्या कडेला, जिथे माती खोल आहे आणि उतारामुळे पाणी थांबत नाही. सीता बाजूला उभी. "मासळी घालू नका," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, एकदा कुत्र्यांचं श्राद्ध घातलं, पुरे झालं.

बाबल्या आला आणि सवयीने सल्ला द्यायला लागला. "दादा, अजून चार हात सरका. दालचिनी लय पसरते."

सीता जागच्या जागी थिजली. बाबल्याने जीभ चावली.

मी माती ओढता ओढता मान वर केली नाही. "लॉरेल आहे, बाबल्या."

"व्हय व्हय," तो म्हणाला. "लारेल. लारेल पन पसरतो."

मग चार हात सरकून खड्डा घेतला. दुपार झाली. बुंध्याभोवती आळं केलं, पाणी घातलं, पानांवरची माती धुतली. घामाने भिजून मी आणि बाबल्या पायरीवर बसलो. सीता चहा घेऊन आली. दोघांनाही पेल्यात.